टपाचाच रंग आधी का जातो?

शाळेच्या फाटकाशी, एस.टी. स्टँडबाहेर किंवा आपल्याच गल्लीत, दहा-बारा वर्षं उन्हात उभी राहिलेली एखादी मोटारगाडी सापडतेच. तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारा. दारांचा रंग बहुधा बरा असतो. थोडा मळलेला, पण जागेवर असलेला. आता टप आणि बॉनेट पाहा. तिथे दुधावरची साय सुटावी तसे पांढुरके पापुद्रे निघालेले दिसतील. पापुद्र्याखालचा रंग निस्तेज, खडूसारखा. गाडी एक, रंग एक, रंगवण्याचा दिवसही एकच. मग टपाचं आणि दाराचं नशीब वेगळं कसं?

‘वरच्या भागावर ऊन जास्त पडतं’ असं मुलं लगेच सांगतील. उत्तर बरोबर आहे, पण त्यातून फारसं काही कळत नाही. ऊन म्हणजे त्यातला प्रकाश की त्यातली उष्णता? रंग जातो म्हणजे नेमकं काय तुटतं? चिनी मातीची बशी आणि काचेची बाटली वर्षानुवर्षं उन्हात पडली तरी त्यांना काही होत नाही, प्लॅस्टिकची बादली मात्र दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होते, ती का? गाडीचा रंग या दोहोंपैकी कुणाच्या जातीचा? इथून सुरुवात केली तर नववी-दहावीच्या मुलांना रसायन, उष्णता आणि प्रकाश हे तिन्ही धडे एकाच बॉनेटवर शिकवता येतात.

कागदाएवढं कवच

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीवरचा रंग एका थराचा नसतो. उघड्या पत्र्यावर आधी झिंक फॉस्फेटचा अगदी पातळ लेप चढवतात. त्यावर पुढचे थर घट्ट धरतात. मग गाडीचा अख्खा सांगाडा पातळ रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडतात. गाडी असते ऋणाग्र, त्यामुळे रंगाचे कण तिच्याकडे ओढले जातात आणि हात पोचणार नाही अशा कोपऱ्यांतही जाऊन बसतात. विद्युत विलेपनाचा धडा आपण तांब्याच्या चमच्यावर शिकवतो, त्याचंच हे भावंड. हा थर इपॉक्सीचा असतो आणि तो गंजापासून रक्षण करतो. त्यावर खाचखळगे भरून काढणारा प्राइमर, त्यावर आपल्याला दिसतो तो रंगाचा थर, आणि सर्वांत वर रंगच नसलेला, निव्वळ पारदर्शक असा थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची चकाकी ती याची.

हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १३० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मुलांना अंदाज यावा म्हणून झेरॉक्सचे १०० कागद एकावर एक ठेवून पट्टीने मोजायला सांगा. साधारण एक सेंटिमीटर भरेल, म्हणजे एक कागद १०० मायक्रॉन. सगळा रंग मिळून असा जेमतेम एक-सव्वा कागद, आणि त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. आपला केससुद्धा बहुधा याहून जाड असतो. या अर्ध्या कागदाने वर्षानुवर्षांचे उन्हाळे अंगावर घ्यायचे, ही त्याच्याकडून अपेक्षा.

पूर्वी असं नव्हतं. १९२० च्या दशकाआधी गाड्यांना व्हार्निशचे हात द्यावे लागत आणि सगळं वाळेपर्यंत कित्येक आठवडे जात. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पॉन्ट कंपनीने ‘ड्यूको’ नावाचा, नायट्रोसेल्युलोजचा, फवाऱ्याने मारायचा आणि झटपट वाळणारा रंग बाजारात आणला. आपल्याकडे सुतार आजही ‘कपाटाला ड्यूको करू का?’ असं विचारतो, तो शब्द तिथून आला. पुढे गाड्यांसाठी अल्किड आणि अ‍ॅक्रिलिक एनॅमल आली. या जुन्या रंगांत रंगद्रव्य अगदी वरच्या पृष्ठभागापर्यंत असे. ऊन खाऊन वरचा पातळ थर खडूसारखा झाला की पॉलिश लावून घासायचं. फडक्याला रंग लागायचा, खालचा ताजा थर उघडा पडायचा आणि गाडी पुन्हा चमकायची. ‘घासा म्हणजे चमकेल’ हा सल्ला त्या काळचा. १९८० च्या दशकात रंग आणि चकाकी वेगवेगळ्या थरांत विभागली गेली, तेव्हापासून तो सल्ला धोक्याचा झाला आहे. आज घासून जे निघतं ते क्लिअर कोटमधून निघतं, आणि तो मुळातच अर्धा कागद आहे.

प्रकाश काय तोडतो?

क्लिअर कोट म्हणजे अ‍ॅक्रिलिक राळेचं, मेलॅमाइन किंवा युरेथेनने गुंफलेलं एक प्रचंड जाळं. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांच्या लांब साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधलेल्या असतात. म्हणजे तो बशीच्या नव्हे, बादलीच्या जातीचा. बशीत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे भक्कम बंध असतात आणि शिवाय ती भट्टीत आधीच होरपळून निघालेली असते.

आता हिशेब करू. प्रकाश फोटॉनच्या पुडक्यांनी येतो आणि तरंगलांबी जितकी कमी तितकं पुडकं जड. १ मोल फोटॉनची ऊर्जा किलोज्यूलमध्ये हवी असेल, तर सुमारे १,१९,६०० या संख्येला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागायचं. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी उत्तर येतं सुमारे २१७. ३०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांसाठी सुमारे ३९९. कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३४५ ते ३५० किलोज्यूल लागतात आणि कार्बन-नायट्रोजन बंधाला ३०५ च्या आसपास. हिरवा प्रकाश कितीही प्रखर असला तरी त्याच्या एका पुडक्यात हे बळ नाही. दहा पोरांनी मिळून न हलणारा धोंडा शंभर जणांनी हलतो, तसं इथे चालत नाही. प्रत्येक फोटॉन एकेकटा येऊन धक्का देतो. वातावरणातून गाळून जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यऊर्जेत अतिनील भाग जेमतेम पाच-सहा टक्के असतो. तोडफोडीची सुरुवात मुख्यतः तोच करतो.

पुढचं काम ऑक्सिजनचं. एक बंध तुटला की दोन अर्धवट तुकडे तयार होतात. त्यांना मुक्त मूलक म्हणतात. ते हवेतला ऑक्सिजन पकडतात, शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढून घेतात आणि तिलाही मूलक करून सोडतात. मधल्या टप्प्यावर जी पेरॉक्साइडं बनतात त्यांच्यातला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध फार दुबळा असतो, दीडशे किलोज्यूलच्याही आतला. तो मोडायला साधा प्रकाश किंवा नुसती उष्णताही पुरते, आणि मग एका मूलकाचे दोन होतात. खवट झालेल्या तेलात हीच मालिका चालू असते. साखळ्या तुटत जातात, थर ठिसूळ होतो, सूक्ष्म भेगा पडतात आणि चकाकी जाते.

कारखानदार हात बांधून बसलेले नाहीत. क्लिअर कोटमध्ये दोन प्रकारचे राखणदार घातलेले असतात. एक अतिनील किरण स्वतः शोषून त्यांची निरुपद्रवी उष्णता करून टाकतात. दुसरे, १९७० च्या दशकापासून वापरात आलेले, विशिष्ट अमाइन गटाचे रेणू; ते मूलकांना पकडून मालिका मोडतात आणि बरंचसं काम करूनही पुन्हा मूळ रूपात येऊ शकतात. तरी दोन्ही हळूहळू खर्च होतात. ते संपले की किरण खालपर्यंत पोचतात, आणि खाली बसलाय इपॉक्सी. गंजाशी लढायला इपॉक्सीसारखा गडी नाही, पण अतिनील किरणांपुढे तो फार दुबळा.

याचा मोठा धडा अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिळाला. काही गाड्यांवर खर्च वाचवण्यासाठी मधला प्राइमरचा थर वगळण्यात आला होता. वरच्या रंगातून झिरपलेले किरण थेट इपॉक्सीवर पडले, त्याचा पृष्ठभाग भुसभुशीत झाला आणि वरचा सगळा रंग पत्र्यापत्र्याने सुटून आला. वरचा रंग स्वतः धड होता. त्याच्या पायाखालची जमीन सरकली होती. पापुद्रे निघताना तुम्हाला दिसतात तेही बहुतेक वेळा असंच कुठल्यातरी दोन थरांच्या सांध्यावर झालेलं असतं. म्हणून पापुद्रे सुटू लागल्यावर मेण, पॉलिश, कसलाही लेप यांचा उपयोग होत नाही. तिथे घासून काढून नव्याने रंगवणं हाच उपाय उरतो. आणि हा नुसता देखणेपणाचा प्रश्न नाही. खालचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो. मे महिन्यात उघडा पडलेला सांधा जूनच्या पावसात गंजायला लागतो. कोकणात तर हवेतलं मीठ मदतीला असतंच. ज्याचं पोट गाडीवर आहे, त्या वडापवाल्याला किंवा टॅक्सीवाल्याला बॉनेट आणि टप नव्याने रंगवून घेणं म्हणजे कित्येक दिवसांची कमाई.

आता टपाकडे परत येऊ. महाराष्ट्रात सूर्य मे महिन्यात अगदी डोक्यावर येतो. पुण्यात १३-१४ मेच्या आसपास, मुंबईत १५-१६ मेला, नागपुरात २६ मेच्या सुमारास. शून्य सावलीचा दिवस आपण शाळेत साजरा करतो, तो हाच. त्या दुपारी दाराच्या उभ्या पत्र्यावर थेट किरण जवळजवळ पडतच नाहीत आणि टपावर पूर्ण पडतात. दाराला ऊन मिळतं ते सकाळ-संध्याकाळचं, तिरपं. पण तिरप्या किरणांना वातावरणातून कितीतरी लांबचा रस्ता कापावा लागतो, आणि वाटेत सर्वांत जास्त गळतात ते नेमके आखूड लांबीचे, जास्त विध्वंसक अतिनील किरण. म्हणजे दाराला मिळतं ते ऊन कमी, आणि शिवाय बरंच बोथट झालेलं.

आणि उष्णता?

वर्तमानपत्रात ‘चंद्रपूर ४५ अंश’ असं येतं तेव्हा ते सावलीतलं, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजलेलं हवेचं तापमान असतं. उन्हातल्या पत्र्याचं तापमान हा वेगळाच विषय आहे.

ढोबळ हिशेब असा. दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट सूर्यऊर्जा पडते. काळा रंग त्यातले ९०० शोषतो, पांढरा २५०-३००. तापलेला पत्रा वारा आणि प्रारण यांच्या वाटे ही ऊर्जा बाहेर टाकतो. मंद वाऱ्यात हवेपेक्षा जितके अंश जास्त, तितक्या प्रत्येक अंशामागे चौरस मीटरला वीस-बावीस वॅट धरा. मग काळा टप हवेपेक्षा ४० अंशांनी तापला की त्याची आवक-जावक जुळते आणि पांढरा टप १२-१३ अंशांवर जुळतो. हवा ४५ अंशांवर असेल तर काळ्याचे झाले ८५ आणि पांढऱ्याचे ५७-५८. प्रत्यक्षात वारा, रंगाची छटा, गाडीचा आकार यांनी आकडे खालीवर होतील, पण काळ्या पत्र्यावर ८० अंश ही अतिशयोक्ती नाही. सूर्याची जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात असते. म्हणून हल्ली दिसायला काळी पण अवरक्त किरण परतवणारी रंगद्रव्यंही निघाली आहेत.

एखादी चलाख मुलगी इथे विचारील : कारखान्यात हाच रंग १४० अंशांच्या भट्टीत भाजतात ना? मग ८५ अंशांनी त्याचं काय बिघडतं? फार चांगला प्रश्न. भट्टीत रंग अर्धा तास असतो आणि तिथे ऊन नसतं. टपावर दर उन्हाळ्यात शेकडो तास, आणि सोबत अतिनील किरण. उष्णता एकटी हे नुकसान करत नाही. किरणांनी सुरू केलेल्या मालिकेला ती वेग देते. तापमान दहा अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो, हा पाठ्यपुस्तकातला नियम मात्र इथे जसाच्या तसा लावू नये. पहिला घाव प्रकाशाचा असल्यामुळे वाढ त्याहून कमी असते. पण ती असते.

उष्णतेचं दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चॉकलेट किंवा लाख जशी तापल्यावर एकदम न वितळता आधी मऊ होते, तसं बहुवारिकांचंही असतं. एका विशिष्ट तापमानाखाली ते काचेसारखे कडक असतात आणि त्याच्यावर किंचित रबरासारखे मऊ. क्लिअर कोटमध्ये हे वळणाचं तापमान साधारण नेमकं त्याच पल्ल्यात येतं ज्यात उन्हाळ्यातला टप दुपारी तापतो. म्हणजे सकाळी कडक, दुपारी नरम, रात्री पुन्हा कडक. त्यात आकुंचन-प्रसरणाची ओढाताण : एक मीटर पोलादी पत्रा ५० अंशांनी तापला तर सुमारे ०.६ मिलिमीटर वाढतो. त्यावरची राळ मोकळी असती तर तीन-चार मिलिमीटर वाढली असती. ती मोकळी नसते, चिकटलेली असते. तरुण, लवचीक थर हा ताण सहज पचवतो. उन्हाने ठिसूळ झालेल्या थराला तडे जातात.

विष्ठा, चिकटा आणि पाण्याचे डाग

दुपारी नरम झालेल्या या थरावर कावळ्याने प्रसाद टाकला की काय होतं? ‘विष्ठेत आम्ल असतं, ते रंग खातं’ असं गॅरेजमध्ये सांगतात. विष्ठेचा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. ते दुबळं आणि पाण्यात फारसं न विरघळणारं. तेवढ्याने डागाचं पूर्ण स्पष्टीकरण होत नाही. २००९-१० च्या सुमारास इराणमधल्या संशोधकांनी गाडीच्या रंगाच्या नमुन्यांवर खरी विष्ठा आणि पॅनक्रिएटिन, म्हणजे स्वादुपिंडातल्या पाचक विकरांचं मिश्रण, अशा दोहोंचा परिणाम तपासला. विकरांनीही रंगावर विष्ठेसारखेच घाव केले. अन्न पचवणारी विकरं राळेतल्या एस्टर बंधांवरही हात चालवतात. शिवाय विष्ठा वाळताना आकसते आणि खालच्या नरम थराला ओढते. संध्याकाळी थर गार होऊन कडक होतो तो त्या ओढलेल्या, खडबडीत आकारातच. म्हणून थंडीत दोन दिवस राहिलेली विष्ठा पुसून जाते, आणि मे महिन्यात एका दुपारची विष्ठासुद्धा कायमची खूण ठेवू शकते. ती खरवडू नये. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं तिच्यावर ठेवावं आणि भिजल्यावर उचलून घ्यावं.

सावलीत लावावं म्हटलं तर झाडाचं स्वतःचं काही देणं असतं. आंब्याला मोहोर असताना त्याखाली लावलेल्या गाडीवर चिकट, चकचकीत ठिपके पडतात. तो आंब्याचा चीक नव्हे. मोहोराचा रस पिणारे तुडतुडे जादा साखर बाहेर टाकतात, ती ही. शेतकरी त्याला चिकटा म्हणतात. त्यावर काळी बुरशीही वाढते. तो पाण्याने सहज निघतो, पण उन्हात भाजला गेला की नाही. तरी माझं मत विचाराल तर चिकटा परवडला, ऊन नको. चिकटा धुता येतो.

पाण्याबद्दल एक समजूत फार पसरलेली आहे : उन्हात गाडी धुतली तर पाण्याचे थेंब भिंगासारखं काम करतात आणि रंग जाळतात. हाच प्रश्न झाडांच्या पानांबाबत हंगेरीतल्या गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रयोगाने तपासला. गुळगुळीत पानावर टेकलेल्या थेंबाचा केंद्रबिंदू पानाच्या पृष्ठभागावर पडत नाही, त्यामुळे पान भाजत नाही. केसाळ पानावर थेंब अधांतरी राहतो, तिथेच काय ती शक्यता. गाडीचा पत्रा गुळगुळीत पानासारखा. भिंगाची गोष्ट गोड आहे, पण टिकत नाही.

डाग मात्र खरे आहेत. ते पाण्यातल्या क्षारांचे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. ६०० मिलिग्रॅमच्या बोअरच्या पाण्याचा एक थेंब, समजा ०.०५ मिलिलिटर, वाळला तर मागे ०.०३ मिलिग्रॅम क्षार राहतात. ते थेंबाच्या कडेला गोळा होतात आणि पांढरं कडं दिसतं. तापलेल्या पत्र्यावर थेंब पुसण्याआधीच वाळतो आणि क्षार नरम थरात बसतात. म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, पत्रा हाताला गार लागेल तेव्हाच धुवावं आणि लगेच टिपून घ्यावं. ताजं कडं पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने जातं आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन टाकायचं. कॅल्शियम कार्बोनेटवर आम्ल टाकलं की काय होतं ते मुलांना पाठ असतंच, इथे ते कामाला येतं. या सगळ्याला दोन बादल्या पाणी पुरतं. गावात टँकर येत असताना पाइप सोडून गाडी धुणाऱ्यांविषयी न बोललेलं बरं.

रोजचं फडकं

उन्हाळ्यात धूळ उडते आणि सोसायट्यांमध्ये रोज पहाटे कुणीतरी कोरड्या फडक्याने गाड्या पुसत असतं. ऊन जे नुकसान दहा वर्षांत करील त्याच्या दिसणाऱ्या भागाची सुरुवात हे फडकं सहा महिन्यांत करून दाखवतं. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोहच्या मापावर त्यांचा कठीणपणा ७, काचेपेक्षाही जास्त. राळ त्यापुढे काहीच नाही. फडकं म्हणजे मग नरम पॉलिश पेपर. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्यावी आणि मगच हात लावावा. गाडी झाकायचं कापडसुद्धा धुळकट गाडीवर घातलं आणि वाऱ्याने फडफडलं तर हेच करतं.

या ओरखड्यांची एक गंमत आहे. काळ्या गाडीवर सूर्याचं प्रतिबिंब पाहा. त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल-गोल वर्तुळं दिसतात. लोक म्हणतात, गोल हात फिरवून पुसल्यामुळे. पण तुम्ही डोकं हलवलंत की वर्तुळांचं केंद्रही प्रतिबिंबाबरोबर सरकतं! ओरखडे खरोखर गोल असते तर ते जागेवर राहिले असते. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांना, अस्ताव्यस्त असतात. त्यांतले जे ओरखडे प्रतिबिंबाकडून येणाऱ्या रेषेला काटकोनात आहेत, तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळवतात. बाकीचे तो भलतीकडे पाठवतात आणि दिसत नाहीत. काटकोनातल्या छोट्या-छोट्या रेघा मिळून वर्तुळ भासतं. हे पाहायला गाडी लागत नाही. रोज घासली जाणारी स्टीलची थाळी आणि एक विजेरी पुरे.

मेण आणि ९ एच

बाजारात काय काय मिळतं? पारंपरिक मेणांत ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण असतं. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणजे काळ्या टपावर मे महिन्यात त्याची परीक्षाच. त्याचा उपयोग मर्यादित पण खरा आहे : विष्ठा, चिकटा, क्षार हे आधी मेणावर बसतात आणि मेणासकट निघतात. अतिनील किरण अडवण्यासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नये. ‘सिरॅमिक’ म्हणून विकले जाणारे सिलिकायुक्त लेप मेणापेक्षा कितीतरी टिकाऊ, पण तेही फार तर एक-दोन मायक्रॉनचे. पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म दीडशे-दोनशे मायक्रॉनची असते; ती उडणारे खडेसुद्धा झेलते आणि तिची किंमतही तशीच असते.

जाहिरातींत ‘कठीणपणा ९ एच’ असं लिहिलेलं असतं. विज्ञानाच्या शिक्षकाने इथे थांबायला हवं. वाचणाऱ्याला वाटतं मोहच्या मापावरचा ९, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल, माणकाएवढा. तो तसा नाही. हे पेन्सिलीचं माप आहे. रंग तपासण्याची एक जुनी, साधी आणि चांगली रीत म्हणजे एचबी, २ एच, ४ एच अशा वाढत्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात दाबून ओढायच्या आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते पाहायचं. ९ एच म्हणजे त्या संचातली नेहमीची सर्वांत कडक पेन्सिलही ओरखडा काढू शकली नाही, एवढंच. पेन्सिलीत असतं ग्रॅफाइट आणि चिकणमाती. क्वार्ट्झच्या धुळीपुढे त्या आकड्याला काही अर्थ नाही.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय सावलीचा. दिवसभर मिळाली नाही तरी सकाळी अकरा ते दुपारी तीन एवढी मिळाली तर अतिनील किरणांचा मोठा वाटा चुकतो. टप तरी झाकला जाईल असं साधं पत्र्याचं छप्परही पुरतं.

शाळेत करून पाहायचं तर एप्रिलमध्ये, सुटी लागण्याआधी सुरुवात करावी. डब्याच्या पत्र्याचे सारखे तुकडे कापून (कडा हातोडीने दुमडून घ्या, हात कापतात) एक काळ्या, एक पांढऱ्या, एक लाल रंगाने रंगवा. दुपारी थर्मामीटरचा फुगा पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीने लावून तिन्हींचं तापमान मोजा. मापन ११० अंशांपर्यंतच्या प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरने करावं, तापाचा वापरू नये. मग प्रत्येक तुकड्याचा एक तृतीयांश भाग अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाने झाका, एक तृतीयांशावर काच बसवा, उरलेला उघडा ठेवा, आणि सगळे गच्चीवर आडवे मांडा. तसाच एक संच उभा, दारासारखा. साधी काच सर्वांत आखूड अतिनील किरण अडवते, पण ३२० नॅनोमीटरच्या पुढचे बरेच आत सोडते, त्यामुळे मधल्या पट्टीचं काय होतं ते पाहण्यासारखं असेल. जूनमध्ये शाळा उघडल्यावर, पावसाची पहिली सर येण्याआधी, ओल्या काळ्या कापडाने प्रत्येक पट्टी हलकेच पुसून कापडावर कुठे किती पूड लागते ते मुलांना टिपून ठेवायला सांगा.